एका युनिटात होडी किती लांब जाते?

सुरतेच्या डिंडोलीत बॅटरीवरची नवी स्कूटर दारात उभी राहिली, की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन इथं स्थिरावलेल्या खान्देशी घरांत हा हिशेब आता पोराटोरांनाही तोंडपाठ आहे. बॅटरीत तीन युनिटं मावतात आणि स्कूटर साधारण शंभर किलोमीटर पळते. मग बॅटरीवर चालणाऱ्या होडीचा विषय निघाला, की तोच प्रश्न पुढं सरकतो. तेवढ्याच तीन युनिटांत होडी कुठवर जाईल?

उत्तरं दोन आहेत आणि दोन्ही खरी आहेत: २४ किलोमीटर आणि ९६ किलोमीटर. होडी तीच, मोटर तीच, बॅटरीही तीच. पहिल्या वेळी होडी ताशी ८ किलोमीटरनं चालवली, दुसऱ्या वेळी ताशी ४ किलोमीटरनं. वेग निम्मा केला आणि अंतर चौपट झालं. स्कूटरवाल्याला हे पटायला जड जातं, कारण रस्त्यावर असा चमत्कार घडत नाही. पाण्यावर तो का घडतो आणि शिडाच्या लहान होडीला त्याचा सगळ्यात जास्त फायदा का होतो, हे या प्रकरणात पाहू.

आपली मोटर म्हणजे आउटबोर्ड. ती होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात. वर दांडा, खाली पाण्यात पंखा. काम झालं की उचलून घरी नेता येते. किनाऱ्यावर तिला नुसतं 'मशीन' म्हणतात. पेट्रोलवर चालणारी मशीन सगळ्यांच्या ओळखीची आहे, विजेवरची नवी वाटते. प्रत्यक्षात तीच आधी आली. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकानं १८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीत काढून ठेवता येणाऱ्या विजेच्या मोटरवर होडी चालवून दाखवली. ओले एव्हिनरूडचं गाजलेलं पेट्रोल आउटबोर्ड आलं १९०९ मध्ये. विजेची मोटर मागं पडली ती बॅटरीच्या वजनामुळं. लिथियम बॅटऱ्या आल्यावर ती परतली. जर्मनीत श्टार्नबर्ग सरोवराच्या काठी २००५ मध्ये 'टॉर्कीडो' ही कंपनी निघाली, कारण त्या सरोवरात पेट्रोल-डिझेलच्या नौकांचे परवाने मोजकेच दिले जातात. २०१२ मध्ये हाँगकाँगची 'ईप्रोपल्शन' आली. २०२४ मध्ये यामाहानं टॉर्कीडो विकत घेतली, म्हणजे पेट्रोल मशिनीच्या धंद्यातली मोठी कंपनीच या बाजूला आली.

१. वॉट वेगळा, युनिट वेगळं

मोटरच्या खोक्यावर '१००० वॉट' लिहिलेलं असतं आणि बॅटरीवर '१२५० वॉट-तास'. या दोन आकड्यांची गल्लत झाली, की पुढचं सगळं गणित चुकतं.

वॉट म्हणजे वीज खाण्याचा वेग. १००० वॉटची इस्त्री चालू असते तेव्हा ती या वेगानं वीज खाते. ती तासभर चालली, की १००० वॉट-तास खर्च झाले. वीजबिलावर त्यालाच एक युनिट म्हणतात. तीच इस्त्री अर्धा तास चालवली तर अर्धं युनिट. १०० वॉटचा दिवा दहा तास जळला, तरी एकच युनिट.

आपली १२५० वॉट-तासांची बॅटरी म्हणजे सव्वा युनिट. ती पूर्ण रिकामी करायची नसते. वाटेत वारा उलटा फिरला किंवा कुणाला ओढून आणावं लागलं तर हाताशी काही हवं. म्हणून पाचवा हिस्सा राखून ठेवायचा आणि हिशेब एका युनिटाचा करायचा. पूर्ण जोर लावला तर १००० वॉटची मोटर बरोबर एक तास चालेल. जोर निम्मा केला तर दोन तास. इथवर सरळ त्रैराशिक आहे. पुढं पाणी त्यात हात घालतं.

२. पाणी वेगाचे पैसे कसे लावतं

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. होडीला पुढं जाण्यासाठी ते बाजूला सारावं लागतं. वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध ढोबळमानानं चौपट होतो. शिवाय तो विरोध आता दुप्पट वेगानं तोडायचा असतो. चार गुणिले दोन, म्हणजे ताकद आठपट लागते. वेग दुप्पट, खर्च आठपट: एवढं एकच सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाच मीटर लांबीची, हलकी, शिडाची होडी घेऊ. समजा १००० वॉटला ती शांत पाण्यात ताशी ८ किलोमीटरनं जाते. तर:

ताशी ८ किलोमीटरला १००० वॉट लागतात. एक युनिट एक तास पुरतं. अंतर ८ किलोमीटर.

ताशी ६ किलोमीटरला सुमारे ४२० वॉट. एक युनिट जवळपास दोन तास २० मिनिटं पुरतं. अंतर १४ किलोमीटर.

ताशी ४ किलोमीटरला १२५ वॉट. एक युनिट आठ तास पुरतं. अंतर ३२ किलोमीटर.

आता किलोमीटरमागचा खर्च काढा. जोरात जाताना १२५ वॉट-तास, सावकाश जाताना ३१. स्कूटर किलोमीटरमागे साधारण ३० वॉट-तास खाते. म्हणजे माणसाच्या चालीनं जाणारी होडी स्कूटरइतकीच काटकसरी असते. घाई केली की ती चौपट उधळी होते.

हे आकडे शांत पाण्याचे आणि स्वच्छ तळाच्या होडीचे आहेत. तळाला शेवाळ धरलं, चार माणसं जास्त बसली, समोरून वारा आला, तर अंतर घटतं. पण वेग आणि अंतर यांचं नातं बदलत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. होडी चालते तेव्हा तिच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लाट उठते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली, की होडी आपणच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. त्यापुढं वॉट ओतले तरी वेग जेमतेम वाढतो, लाट मात्र मोठी होते. हा वेग काढायची सोपी रीत अशी: पाण्यातल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि साडेचारनं गुणा. चार मीटरच्या होडीला ताशी ९ किलोमीटर, पाच मीटरच्या होडीला सुमारे १०, नऊ मीटरच्या होडीला साडेतेरा. पाण्यावरून उसळत धावणाऱ्या स्पीडबोटी या मर्यादेपलीकडं जातात, पण त्यांचा तळ सपाट आणि यंत्र दांडगं असतं. शिडाच्या होडीचा तळ तसा नसतो. तिच्यावर मोठी मोटर लादणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

३. एक लिटर पेट्रोल आणि नऊ किलोची बॅटरी

पेट्रोलशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही आणि ती प्रामाणिकपणे करायला हवी. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिटं ऊर्जा असते. लहान पेट्रोल मशीन त्यातला सहाव्या-पाचव्या हिश्श्याइतकाच भाग पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचवते. बाकीचा उष्णतेत आणि आवाजात जातो. हाती येतं दीड-पावणेदोन युनिट. विजेची मोटर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा दांड्याला देते. तरीही सव्वा युनिटाची, आठ-नऊ किलो वजनाची लिथियम बॅटरी म्हणजे अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल.

म्हणून दिवसभर यंत्रावरच जायचं असेल तर आजही पेट्रोल-डिझेल पुढं आहे. वीस लिटरचा कॅन एका हातात उचलता येतो. तेवढं काम करणाऱ्या बॅटऱ्या लहान होडीत ठेवल्या तर माणसांना जागा उरणार नाही.

पैशांचा हिशेब मात्र उलटा आहे. सव्वा युनिटाची बॅटरी भरताना चार्जरमधली गळती धरून दीड युनिटाच्या आत वीज जाते. युनिटाला आठ रुपये धरले तर बारा रुपये. त्याच कामाला पेट्रोल साठ-सत्तर रुपयांचं लागेल. पण मोटर आणि बॅटरी विकत घेताना तेवढ्याच ताकदीच्या पेट्रोल मशिनीपेक्षा खिसा बराच जास्त रिकामा होतो. महिन्यातून दोनदा होडी काढणाऱ्याला ही तफावत पेट्रोलच्या बचतीतून भरून काढायला वर्षानुवर्षं लागतील. विजेची मोटर घ्यायची तर कारणं दुसरी हवीत: आवाज नाही, धूर नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही, दोरी ओढून हात भरून येत नाहीत, आणि बटण दाबताच ती चालू होते.

४. एक किलोवॉट म्हणजे तीन हॉर्सपॉवर कशी?

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे १००० वॉट ही सव्वा-दीड हॉर्सपॉवरच झाली. तरीही जाहिरातीत '३ हॉर्सपॉवरच्या तोडीची' असं लिहितात. ही सरळसरळ फसवणूक नाही, पण पुरतं खरंही नाही.

यातली मेख पंख्यात आहे. होडी पुढं जाते ती पंखा पाणी मागं ढकलतो म्हणून. थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलणं जास्त फायद्याचं असतं. म्हणजे पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा हवा. लहान पेट्रोल मशीन कमी फेऱ्यांवर गुदमरते, म्हणून तिचा पंखा लहान आणि वेगानं फिरणारा असतो. विजेची मोटर पहिल्या फेरीपासून पूर्ण पीळ देते. तिला मोठा पंखा झेपतो.

समजा १००० वॉटपैकी निम्मे म्हणजे ५०० वॉट प्रत्यक्ष होडी ढकलण्यात लागले आणि होडी सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटरनं चालली आहे. ५०० भागिले २ म्हणजे २५० न्यूटन, ढोबळमानानं २५ किलो वजनाइतका रेटा. धक्क्यापासून निघताना किंवा संथ चालीत असा रेटा तीन हॉर्सपॉवरच्या पेट्रोल मशिनीच्या आसपास जातो. तोडीची म्हणतात ती इथं. समोरून वारा आणि लाटा आल्या, की पेट्रोलवाल्याकडं हात राखून ठेवलेली ताकद असते; वीजवाल्याकडं ती नसते. होडीच्या एकूण वजनाच्या टनामागे एक किलोवॉट हा शांत पाण्यासाठी ठीक ठोकताळा आहे. खुल्या समुद्रात त्याच्या दुप्पट धरावं.

५. शीड असताना मोटर कशाला?

लांब जायला शिडाला मोटर लागत नाही. दिलीप दोंदे २००९ मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून निघाले आणि २०१० मध्ये एकट्यानं शिडाच्या बळावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. गोव्यातच बांधलेल्या १७ मीटरच्या 'तारिणी'वर नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात तीच प्रदक्षिणा केली. महासागर ओलांडायला वारा पुरतो.

अडचण येते शेवटच्या दोनशे मीटरांत. धक्क्याजवळ होड्यांची दाटी असते, इमारतींच्या आडोशानं वारा पडतो किंवा भलत्याच बाजूनं येतो. शीड उभं करून तिथं होडी वळवणं मुरलेल्या माणसालाही कठीण जातं. दुसरी अडचण वेळेची. किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे. मधल्या संध्याकाळी हवा थबकते. दुपारच्या वाऱ्यावर खुशीत निघालेली होडी दिवेलागणीला नदीच्या मधोमध शीड लोंबकळत उभी राहते. तिसरी अडचण खास सुरतेची. पुलांचं शहर म्हणवणाऱ्या सुरतेत तापीवर एकामागून एक पूल आहेत. डोलकाठीची उंची पुलाच्या कमानीत बसत नसेल तर ती उतरवावी लागते, आणि डोलकाठी उतरली की शीडही गेलं.

या तिन्ही ठिकाणी यंत्र लागतं ते थोडा वेळ, कमी वेगात आणि हलक्या हातानं. विजेच्या मोटरची दुबळी बाजू आहे लांब पल्ला आणि मोठा वेग. या दोन्ही गोष्टी इथं मागितल्याच जात नाहीत. मच्छीमारी होडीला हीच मोटर बहुधा अपुरी पडेल, पण शिडाच्या होडीत एक युनिट अख्खा रविवार पुरू शकतं, कारण अंतर कापायचं काम वारा फुकटात करतो.

प्रवासी नौकांचा अनुभव हेच सांगतो. केरळमध्ये वैकम ते तवणकडवू या जलमार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ आसनांची सौर-विद्युत नौका चालते. फेरी काही किलोमीटरांची, वेग बेताचा, मुक्कामाच्या धक्क्यावर चार्जर. २०२३ मध्ये सुरू झालेल्या कोची वॉटर मेट्रोचंही सूत्र तेच: ठरावीक धक्के, आखूड टप्पे. पल्ला आधी ठरवून बॅटरी निवडली म्हणून त्या चालल्या.

६. तापीवरचा हिशेब: भरती-ओहोटी

आता हे गणित तापीत उतरवू. मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावून, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा असा खान्देश ओलांडून आणि १९७२ पासून उकाईच्या धरणात थबकून, ७२४ किलोमीटरचा प्रवास करून ही नदी सुरतेत येते. शहरात रांदेर आणि सिंगणपोर यांच्यामध्ये १९९५ साली बांधलेला बंधारावजा कॉजवे आहे. त्याच्या वरच्या अंगाला गोडं, साठलेलं पाणी. खालच्या अंगाला समुद्राची भरती-ओहोटी. विजेच्या मोटरसाठी ही दोन वेगळी जगं आहेत.

कॉजवेच्या वर प्रवाह फारसा जाणवत नाही. मागचं गणित तिथं जवळपास जसंच्या तसं लागू पडतं. त्रास होतो तो जलपर्णीचा. तिची मुळं पंख्यात गुंतली की मोटर जास्त वीज खाते आणि होडी जागची हलत नाही. मोटर बंद करून, उचलून, पंखा मोकळा करावा लागतो.

कॉजवेच्या खाली पाणी स्वतःच चालतं. खंभातच्या आखातात भरती फुगत जाते. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरची, तर आखाताच्या आत भावनगरकडं पाण्याचा चढउतार दहा मीटरच्या घरात जातो. सुरतेचा किनारा या दोहोंच्या मध्ये येतो. एवढं पाणी सहा तासांत आत शिरतं आणि तेवढ्याच सुमाराला बाहेर पडतं. साहजिकच प्रवाह जोरदार असतो.

समजा ओहोटीचा प्रवाह ताशी ४ किलोमीटरचा आहे आणि तुम्हाला त्याच्याविरुद्ध वर यायचं आहे. आपली काटकसरी, ताशी ४ किलोमीटरची चाल धरली तर होडी काठाच्या मानानं जागच्या जागी उभी राहील आणि आठ तासांत ते एक युनिट संपेल. ताशी ५ किलोमीटरनं रेटलं तर पुढं सरकाल ताशी एक किलोमीटर, आणि त्या एका किलोमीटरला जवळपास २४५ वॉट-तास जातील. ताशी ६ नं गेलात तर किलोमीटरला २१०. ताशी ८ नं गेलात तर २५०. म्हणजे इथं सावकाश जाणंही महाग आणि जोरात जाणंही महाग. सगळ्यात स्वस्त चाल मधली, प्रवाहाच्या दीडपट वेगाची. प्रवाह ताशी ४ असेल तर ६, ताशी २ असेल तर ३. उलट्या प्रवाहात सापडलेल्या प्रत्येक होडीवाल्यानं हा दीडपटीचा नियम ध्यानात ठेवावा.

याहून चांगला उपाय म्हणजे थांबणं. तोच ताशी ४ किलोमीटरचा प्रवाह पाठीशी घेतला आणि १२५ वॉटवर ताशी ४ नं चाललात, तर काठाच्या मानानं वेग ताशी ८ आणि खर्च किलोमीटरला १६ वॉट-तासांहून कमी. उलट्या पाण्यातली सगळ्यात स्वस्त चालसुद्धा याच्या तेरापट महाग पडते. कुठलीही दुसरी बॅटरी विकत घेऊन तेरापट पल्ला मिळत नाही. नांगर टाकून पाणी फिरायची वाट पाहिली की मिळतो.

सुरतेच्या व्यापाराचा इतिहास याच वाट पाहण्यावर उभा आहे. तापीचं मुख गाळानं उथळ. त्यामुळं इंग्रज-पोर्तुगीजांची मोठी जहाजं सुवालीच्या खोल पाण्यात नांगर टाकत. तिथंच १६१२ मध्ये त्यांची लढाई झाली. माल लहान होड्यांतून नदीनं शहरात येई आणि त्या होड्या भरतीची वेळ साधून निघत. पाण्याची ही जाण असलेल्या याच गावातून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले आणि तिथं गोदी उभी राहिली.

भरतीची वेळ काढायचा एक जुना ठोकताळा मराठी किनाऱ्यावर आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं हे जमतं. पण हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. उत्तरेला आखातात भरती उशिरा पोचते. सुरतेला मगदल्ला-हजिऱ्याचं छापील वेळापत्रकच पाहावं. तिथीवरून मात्र जोर जरूर ओळखावा: अमावस्या-पौर्णिमेनंतर उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. नवशिक्यानं भांगाचे दिवस निवडावेत.

७. मोटर आणि बॅटरी निवडताना

दांड्याची लांबी. आउटबोर्ड आखूड, लांब आणि जास्त लांब दांड्याचे मिळतात, साधारण ३८, ५१ आणि ६४ सेंटिमीटर. शिडाच्या होडीची पिछाडी उंच असते आणि लाटेवर ती वर उचलली जाते. दांडा आखूड पडला तर पंखा पाण्याबाहेर येऊन हवा ओढतो, नुसताच गरगर फिरतो आणि ढकल शून्य होते. शंका असेल तर लांब दांडा घ्यावा.

व्होल्ट. १००० वॉटसाठी १२ व्होल्टवर ८३ अँपिअर प्रवाह लागतो, ४८ व्होल्टवर फक्त २१. प्रवाह जास्त तेवढी तार जाड हवी आणि सांधे गरम होण्याची भीती मोठी. म्हणून ताकदवान मोटरी २४ किंवा ४८ व्होल्टच्या असतात. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

बॅटरीची जात. घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी होडीत ठेवावी असं पुष्कळांना सुचतं. ती पन्नासेक किलोची, आडवी झाली तर आम्ल सांडणारी आणि निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरणारी. १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीवर कागदोपत्री १२०० वॉट-तास असतात, पण भरवशाचे ६००. तेवढ्याच आकड्याची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बारा किलोच्या आसपास, आणि तिच्यातले हजार वॉट-तास निर्धास्त वापरता येतात. तापमानालाही ही जात इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा जास्त दमदार.

शिडावर असताना. वारा भरला की मोटर बंद करून वर उचलून ठेवा. पाण्यात राहिलेला पंखा होडीला मागं ओढतो. काही मोटरी शिडाच्या वेगानं पंखा फिरवून बॅटरीत थोडी वीज परत भरतात. पण लहान होडीचा वेगच एवढा कमी, की त्यातून येणारी वीज नाममात्र आणि त्यापायी गमावलेला वेग जास्त.

८. ऊन, मीठ आणि सौर पॅनल

खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना लागून असले, की त्यांच्यातला एक झिजत जातो. मोटरचं अंग वाचावं म्हणून तिला जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा एक तुकडा जोडलेला असतो. तो आधी झिजतो आणि मोटर वाचते. तुकडा निम्मा झिजला की बदलायचा. त्याला रंग फासायचा नाही, नाहीतर त्याचं कामच थांबतं. प्रत्येक फेरीनंतर मोटर गोड्या पाण्यानं धुवावी. कॉजवेखालचं पाणी गाळाचंही असतं, म्हणून दांड्याभोवती गुंतलेली जाळ्याची दोरी आणि प्लॅस्टिक काढून पाहावं.

बॅटरीला पाण्यापेक्षा उन्हाचा धोका मोठा. पंचेचाळीस अंशांवर तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. एप्रिल-मे महिन्यात होडीच्या बंद खणात तेवढं तापमान सहज होतं. घरी आणून, सावलीत गार होऊ देऊन मग चार्जर लावावा. पावसाळ्यात तीन-चार महिने होडी बाहेर काढली नाही तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते.

सौर पॅनलचं गणित सोपं आहे. आपल्याकडच्या उन्हात १०० वॉटचं पॅनल दिवसाला साधारण ४०० वॉट-तास देतं. ते जेमतेम अर्धा चौरस मीटर जागा अडवतं. सव्वा युनिटाची बॅटरी भरायला तीन-सव्वातीन दिवस लागतील. चालत्या होडीला ते पुरत नाही, पण रविवारी वापरून आठवडाभर बांधून ठेवलेल्या होडीची बॅटरी पुढच्या रविवारपर्यंत आपोआप भरलेली असते.

९. नियम आणि सुरक्षितता

शिडाच्या होडीला मोटर लावली, की कायद्याच्या नजरेत तिची जात बदलू शकते. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत शिडाची नौका म्हणजे शिडावर चालणारी आणि यंत्र असलं तरी ते वापरात नसलेली नौका. मोटर चालू केली, की शीड उभारलेलं असलं तरी ती यंत्रनौका. एरवी यंत्रनौकेनं शिडाच्या होडीला वाट द्यायची असते. बटण दाबताच तो मान गेला, आता वाट तुम्ही द्यायची. शीड आणि यंत्र दोन्ही वापरात असतील तर टोक खाली असलेला शंकू दर्शनी भागात टांगण्याचा नियम आहे. मोटरचा आवाज नसल्यानं लांबून पाहणाऱ्याला दुसरं कशानं कळणार?

आवाज नसण्याचा आणखी एक धोका आहे. पाण्यात पोहणाऱ्या माणसाला विजेची होडी ऐकू येत नाही. मोटर चालू करण्याआधी मागं वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि चालवणाऱ्यानं बंद-दोरी मनगटाला बांधावी, म्हणजे तो पाण्यात पडला की मोटर आपोआप थांबते.

नदी-तलावातल्या यंत्रनौकांना २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा लागू आहे. विजेची मोटर आहे म्हणून नोंदणी नको, असं समजू नये. पाण्यात उतरण्याआधी महापालिका आणि बंदर खात्याकडं चौकशी करावी. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तो समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता. जॅकेट खणात ठेवायची वस्तू नाही, अंगात घालायची आहे. सोबत दोन वल्ही आणि एक नांगर हवाच: बॅटरी दगा देते तेव्हा वल्ही घरी आणतात, आणि पाणी उलटं असतं तेव्हा नांगर धरून ठेवतो.

१०. मग ही मोटर कुणी घ्यावी?

ज्याला रोज वीस किलोमीटर यंत्रावर जायचं आहे, खुल्या समुद्रात समोरच्या वाऱ्याशी झुंजायचं आहे किंवा ठरल्या वेळेला पोचायचंच आहे, त्यानं ती घेऊ नये. ज्याची होडी धक्क्यापासून दोन-चार किलोमीटरांत फिरते, मुक्काम नदी, खाडी किंवा धरणाच्या पाण्यात आहे आणि परतायला तास-दीड तास उशीर झाला तरी ज्याचं बिघडत नाही, त्याला ती चांगली लागू पडेल.

विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करावा. एखाद्या रविवारी आहे त्याच होडीत बसा आणि यंत्राची गरज नेमकी किती मिनिटं, कुठं आणि किती वेगाला लागली ते वहीत लिहा. मिनिटांची बेरीज करा, वेगाप्रमाणे वॉट धरा, गुणाकार करून साठानं भागा, म्हणजे वॉट-तास मिळतील; राखीव पाचवा हिस्सा बॅटरीत आधीच वेगळा ठेवलेला आहे. उत्तर एका युनिटाच्या आत आलं तर सगळ्यात लहान मोटर पुरेल. चार युनिटांच्या वर गेलं तर मोठी बॅटरी शोधण्याआधी भरतीचं वेळापत्रक काढून तीच फेरी दुसऱ्या वेळेला करून पाहा. आकडा तिथंच बराच खाली येऊ शकतो.